न चाखलेला बर्गर

१० नोव्हेंबर, सोमवार

'कोल्हापूरकरांनो, तुमच्या तोंडची चव तुम्हाला न विचारता पळवली जात आहे!' — जुलैतल्या माझ्या भाषणाचं हे पहिलं वाक्य. टाळ्या थांबत नव्हत्या. आज ते पुन्हा लिहितो आहे, आणि समोर या वहीशिवाय कुणी नाही. चव पळाली ती माझ्याच घरातून.

बायकोचा, संयोगिताचा डेंग्यू उतरून अठरा दिवस झाले. दोन घासांवर उठते. भाकरी कडू, पांढरा रस्सा कडू, पाणीसुद्धा कडू. डॉक्टर आज सरळ बोलले — वजन आणखी उतरलं तर पुन्हा दवाखान्यात ठेवावं लागेल. येताना रिक्षात विचारलं, काय खावंसं वाटतं? बाहेर बघत म्हणाली, "बर्गर. त्यो धुराच्या वासाचा, सॉसवाला."

कुठला?

"तुम्ही बंद पाडलासा त्या दुकानातला."

११ नोव्हेंबर, मंगळवार

राग मावळत नाही. चौतीस वर्षांचा संसार, आणि बायको त्या लाल-पिवळ्या इंग्रजी पाटीखाली जाऊन खात होती! दर गुरुवारी भजनाला म्हणून निघायची. भजन!

मी काय चुकीचं बोललो होतो? बड्या कंपन्या गावोगावच्या चुली विझवतात, हे मी वाचून बोलतो, वाऱ्यावर नाही. त्या दिवशी दुकानासमोर चहावाल्याच्या बाकावर उभा राहिलो. कुणीतरी आतून आणलेला बर्गर उंच धरला — 'हा परदेशी चिखल!' — आणि गटारात फेकला. चाखला नाही. गरज वाटली नाही. आठ दिवसांत घरमालकानं घाबरून दुकान रिकामं करून घेतलं. कार्यकर्त्यांनी 'विश्वजित सरांचा विजय असो!' म्हणत मला हार घातला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शेवटी मीच करायला घेतला. पिराजीच्या दुकानात गेलो तर मटण तोडता तोडता तो थांबला. "सर, आज रस्सा न्हाय व्हय? निस्ता खिमाच?" मंगळवार पेठेतल्या बेकरीतून गोल पाव आणले. मोबाईलवर बघून सॉस केला — टोमॅटो, व्हिनेगर, साखर. खिम्याच्या वड्या थापल्या. आणि तिथं हात आवरला नाही; दोन चमचे कांदा-लसूण चटणी घातलीच. या घरात त्या चटणीशिवाय काही चुलीवर चढत नाही.

तिनं एक घास घेतला, ताटली सरकवली. "ह्यो बर्गर न्हवं. पावात घातलेला खिमा हाय."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चटणी वगळली. दोन दिवस मांस कसं भाजतात यावर मिळेल ते वाचलं. निखाऱ्यावर तूप सोडून वड्यांना धुरी दिली. घरभर धूर. शेजारच्या आक्का खिडकीतून विचारू लागल्या, सरांनी पुस्तकं पेटवली काय. संयोगिता हसली — आजारानंतर पहिल्यांदा! तीन घास खाल्ले. मी मोजत होतो.

"धूर बरोबर हाय. गोडी चुकली."

साखर ती साखर, गोडी कशी चुकेल, असं म्हणालो. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वजन तीनशे ग्रॅम उतरलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

बेकरीवाल्याला विचारलं. हॉटेलचं शिक्षण देणाऱ्या एका प्राध्यापकाला फोन केला, तो अर्धा तास बोलला. पिराजीच्या भाच्यानं व्हिडिओ पाठवले. मध घालून झाला, गूळ किसून झाला. गुळाच्या सॉसला ती एवढंच म्हणाली, "जवळ आलासा."

राहिला एकच माणूस. ते दुकान चालवणारा जोतीराम. हल्ली जोतिबाच्या डोंगरावर कुणाच्या तरी दुकानात नारळ-गुलाल विकतो म्हणे. माझ्यामुळं. त्याच्या दारात मी जायचं? कंपनीच्या दलालापुढं हात पसरायचा?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभरात अर्धी वाटी पेज.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गेलो. डोंगरावर गर्दी नव्हती. जोतीराम पायऱ्यांशेजारी नारळ सोलत होता. मला बघून उठला, बसायला स्टूल दिलं. "सर, पावणं म्हणून आलाय का भाषणाला?"

कंपनीनं तुला वाऱ्यावर सोडलं ना, असं मी म्हणालो. वाटलं, निदान इथं तरी माझं खरं निघेल. त्याच्या हातातला नारळ तसाच राहिला. कुठली कंपनी, त्यानं विचारलं. पाटी त्यानंच रंगवून घेतली होती. इंग्रजी नाव असलं की कॉलेजची पोरं येतात म्हणून. पाव बेकरीतले, मटण पिराजीकडचं. मोबाईलवर बघून बघून तो आजऱ्याचा पोरगा शिकला होता.

माझी जीभ कधी अडखळत नाही. आज अडखळली. कसाबसा सॉस विचारला.

त्यानं हातातला नारळ खाली ठेवला.

"मला कुठं येतोय सर त्यो? काकवीचा सॉस. दर गुरुवारी डबा यायचा. तुमच्या घरातनं. बाई माझ्या आईच्या गावच्या. सरांना कळू दिऊ नको म्हणायच्या."

उतरताना घाटात दोनदा गाडी थांबवली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी गुऱ्हाळावरून काकवी आणली. बरणी तिच्यापुढं ठेवली आणि विचारलं, कसा करायचा? ती उठली, भिंतीला धरत चुलीपर्यंत आली, स्टुलावर बसली. लसूण भाजून घ्या. चिंच कमी. मिरी शेवटी. मी हलवत राहिलो. अख्खा बर्गर खाल्ला तिनं. मग बोट चाटत म्हणाली, "सगळ्या गावाला इचारलासा. मला न्हाय." आणि थोड्या वेळानं — "त्या दिवशी मी मागं उभी हुते. डबा घिऊन. टाळ्या पडल्या तवा घरी आले."

मीही खाल्ला. पहिल्यांदाच.

विश्वजित, येत्या रविवारी दहा वाजता जोतीरामला शेजारी घेऊन त्याच बाकावर उभा राहा, आणि सगळ्यांसमोर हा बर्गर खा.