सातव्या खोलीतली बाई

६ नोव्हें., गुरु.
कंपनीला सुट्टी. माळ्यावरची पत्र्याची पेटी एकदाची खाली काढली. डॉक्टर म्हणाले होते, दादाला जुनं काही दाखवत जा, विसरणं थांबणार नाही पण मन रमेल. पेटीत निघाली त्याची संगणक मासिकं. तरुणपणी हा पिंपरीच्या कंपनीत ड्रॉइंग काढायचा आणि दर महिन्याला मासिकात एका व्हिडिओ गेमचं परीक्षण लिहायचा. टोपणनाव ‘जॉयस्टिक’. कॉम्प्युटर आमच्या ओळखीत कुणाकडेच नव्हता, संपादकाकडेही नाही. परदेशी मासिकातले फोटो बघून हा पठ्ठ्या गेमला मार्क द्यायचा!
दादा तासभर मासिकं कुरवाळत बसला. हसलासुद्धा. मला रडू आलं, मग भांडी घासायला घेतली.

८ नोव्हें., शनि.
फर्स्ट शिफ्ट. चाकणहून निघालेली बस मोशीला तासभर अडकली. घरी आले तर दादा एका पानावर बोट ठेवून माझी वाट बघत होता.
“शालू, हा गेम नाहीच. मी बनवला.”
त्या महिन्यात परदेशी मासिक आलंच नाही, पान रिकामं. मग त्याने गेमही रचला आणि परीक्षणही. नाव ‘आठ खोल्यांचं घर’. खेळाडूने प्रत्येक खोलीत स्वतःची एक वस्तू ठेवायची, मगच पुढचं दार उघडतं. मागचं बंद होतं. सातव्या खोलीत एक बाई बसलेली असते. तिने नावाने हाक मारली तरच परत फिरता येतं, नाहीतर आठवी. ग्राफिक्सला दहापैकी सात, आवाजाला तीन. आवाजाला तीन! नसलेल्या गेमच्या!
“पकडला नाही गेलास?”
“उलट पत्रं आली की.”

१० नोव्हें., सोम.
खरंच आली होती. पुढच्या अंकांत या गेमच्या स्कोअरचं पान आहे. कुणीही आकडा कळवायचा आणि हे छापायचे. छापून नाव यायला पोरं काय वाट्टेल ते लिहीत असणार. बसमध्ये मी एकटीच हसत होते.
एक वाचक मात्र स्कोअर लिहीत नाही. खाली फक्त ‘देहूरोड’. दर अंकात एक खोली.
पहिलीत चष्मा ठेवला. दुसरीत घराची किल्ली. तिसरीत घरी यायचा रस्ता. चौथीत बायकोचं नाव.
दादाचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हा आम्ही चेष्टा केली होती. मग किल्ल्या. मग पिंपरी मंडईतून घरी येताना हरवला. दिवाळीत वहिनीच्या फोटोसमोर उभा राहून मला म्हणाला, “हिचं नाव काय गं?”
हाच क्रम. योगायोग असेल. पुढचं वाचलं नाही.

१३ नोव्हें., गुरु.
दादाला घेऊन बँकेत. पेन्शनसाठी हयातीचा दाखला. पेन हातात धरून बसला आणि सही येईना. ड्रॉइंगवर आयुष्यभर ज्याची सही चालली, त्याचा अंगठा घेतला. बाहेर येऊन म्हणतो, “चहा पाज.” पाजला.
घरी येऊन पाचव्या खोलीचं पत्र वाचलं. ‘सही ठेवली.’
वाचायलाच नको होतं.

१५ नोव्हें., शनि.
मी कामावर असते तेव्हा शेजारच्या सिंधूताई दादाजवळ बसतात. आज दारातच गाठलं. “ताई, दादा आरशासमोरून हलंनात बघा. ह्यो म्हातारा आपल्या घरात कशाला आलाय, असं मलाच इचारायलेत.”
सहावं पत्र : ‘तोंड ठेवलं.’
दादाला सरळच विचारलं, ती पत्रं तूच लिहायचास ना?
“मी नाही. मला वाटायचं, तू.”
मी तेव्हा धड जोडाक्षरंही लिहीत नव्हते.

१८ नोव्हें., मंगळ.
सातवं पत्र जसंच्या तसं उतरवते. ‘खिडकीतून निळी पाण्याची टाकी दिसते. भिंतीवर घड्याळ बंद आहे, पावणेपाच. खाटेवर जांभळी चादर. बाई डाव्या हाताने वहीत लिहीत आहे. ती वर बघत नाही.’
तपासणी हेच माझं काम. दिवसभर गेज लावून पार्ट रिजेक्ट करते. यातही एक तरी दोष सापडावा म्हणून तीनदा ताडून पाहिलं. टाकी आहे, दोन वर्षांपूर्वी बसवली. घड्याळात सेल घालायचा राहिलाय. चादर मीच आणली. मी डावखुरी. मासिक छापलं तेव्हा या बिल्डिंगच्या जागी शेत होतं.
दोष नाही.
आठव्या खोलीचं पत्र कुठेच नाही. मासिक त्याच अंकानंतर बंद पडलं.

२० नोव्हें., गुरु.
सुट्टी. दुपार. सिंधूताई गावाला. कालपासून दादा ‘दादा’ म्हटल्यावर ओ देत नाही. खाटेवर बसलाय, डोळे उघडे, घास भरवला तर गिळतो. डॉक्टर म्हणाले, असं होणारच होतं. त्यांचं बरोबरही असेल.
नावाने हाक. आमच्यात मोठ्या भावाचं नाव घेत नाहीत. फॉर्मवर हजारदा लिहिलंय, तोंडाने एकदाही नाही. बँकेतसुद्धा “आमच्या दादांचा दाखला” म्हणाले. आई असती तर नाव घेतल्याबद्दल फटका दिला असता. पण आता घरात त्याला नावाने हाक मारणारं उरलंय कोण? आणि मला माझा भाऊ परत हवाय, मग तो कुठूनही येवो.
वहीतून मान वर केली. हाक मारली.
“मिलिंद.”
लगेच “ओ” आली. खणखणीत, कंपनीतून घरी आल्यावर द्यायचा तशी. स्वयंपाकघरातून आली.
खाटेवर दादा तसाच. ओठ मिटलेले. पण मान वळवून तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतोय. म्हणजे त्यालाही ऐकू आलं.
आपल्याच भावाची कसली भीती.
पुन्हा हाक मारते.