पोटरीला हात लावू नकोस

मंगळवार, ता. १४, सकाळ

चिरंजीव धाकट्यास दादाचा आशीर्वाद.

आम्ही दोघे ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा खोकला गेला. नळ दुरुस्त केला, तो पुन्हा गळतो. ऑपरेशनने गुडघ्याची लिगामेंट जोडून तू घरी आलास हे कळले. बरे झाले.

मघाशी तुझी बायको येऊन गेली. जिन्यातूनच म्हणाली, "दादा, यांची पोटरी दगडासारखी झालीय. दादाचाच हात पाहिजे म्हणतात." मी विचारले, असेच म्हणाला का? "अहो, अगदी असंच. तेलही तुमचंच हवंय."

दादाच्या हातात आता जीव राहिला नाही, असे चार गिऱ्हाइकांदेखत तूच म्हणाला होतास. मग मालिशचे वेगळे दुकान थाटलेस आणि माझा फोन घेणे सोडलेस. ते असो. मी ते काढणार नव्हतो.

तेल कोमट करत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नर्स ड्यूटीवरून आली. तिला सहज सांगितले. ती म्हणाली, "आजोबा, त्या पायाला हात लावाल तर खबरदार." ऑपरेशननंतर पाय फार हलत नाही, तेव्हा पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ धरू शकते. चोळली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, मग जिवावर बेतते. मी म्हटले, "आम्ही जन्मभर पोटऱ्याच चोळल्या." ती म्हणाली, "त्या सगळ्या तुमच्याकडे चालत आल्या होत्या."

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून तुझ्या बायकोला केला, तोही लागेना. शेवटी टॅक्सी केली, तिच्यात बसून हे लिहितो आहे.

ती पोटरी दुसरीपेक्षा जाड दिसते का? गरम लागते का? दाबून पाहू नकोस. तुझा हात माझ्याहून जड, हे वडीलही म्हणायचे. दम लागत असेल किंवा छातीत कळ येत असेल, तर पुढचे वाचू नकोस, आधी दवाखाना. गाठ नसेलही. सोनोग्राफीत कळते म्हणे. नसली तर मला खुशाल शिव्या घाल. पण आजच दाखव, उद्यावर टाकू नकोस. उद्यावर टाकायची तुला खोडच आहे.

मी वर तुझ्या घरी येणार नाही. राग म्हणून नव्हे. तू पाय पुढे करून "दादा" म्हणालास, तर हे हात नर्सचे ऐकायचे नाहीत. म्हणून पत्र टॅक्सीवाल्याबरोबर वर पाठवतो. माणूस दणकट आहे, तो आणि तुझी बायको तुला खुर्चीत बसवून खाली आणतील. माझी शाळा चौथीत सुटली, अक्षर लागले नाही तर तिच्याकडून वाचून घे.

मागची सीट तुझ्या पायासाठी मोकळी ठेवली आहे. पुढे मी बसलो आहे. तेलाची बाटली घरीच ठेवली.

रिकाम्या हातांनी खाली थांबलेला,
तुझा दादा