साडेपाचची जीप

शुक्रवार, २ फेब्रुवारी २०१८

झरीकरांनो, तलासरीकरांनो, डहाणूकरांनो! आपल्याच रानात चित्रित झालेला सिनेमा आपल्याच तालुक्यात चालत नाही, आणि वर हे शहाणे आपल्यालाच सांगतात — तुम्हाला सिनेमा कळत नाही!

रविवारच्या भाषणाची ही सुरुवात. झकास!

डहाणूच्या थिएटरात रोज तीनचा एकच शो, निम्म्या खुर्च्या ओस. मॅनेजर जतीनभाई म्हणतात, "गुरुवारपर्यंत बघतो साहेब. मग पोस्टर उतरवणार."

रविवार, ४ फेब्रुवारी

झरीत चाळीस मिनिटं बोललो. सिनेमा का पडतो याची नऊ कारणं दिली — बड्या नटांची दादागिरी, वितरकांची मक्तेदारी, जाहिरातीला नसलेला पैसा, सगळं! टाळ्या पडल्या. सिनेमाला कोणी निघालं नाही.

गावातल्या सदूने हात वर केला. "भाऊ, दहावं राहिलं. रडका आहे! शेवटी घर जळतं, पोरगी एकटी बसते. मी मसोलीच्या पाहुण्यांनाही सांगितलं, जाऊ नका."

मी त्याला शोकांतिकेची थोरवी समजावली. पार ग्रीकांपासून. सदूला झोप लागली.

सोमवार, ५ फेब्रुवारी

सकाळीच झरीची अंबूबाई दारात. तिच्या रूपीने या सिनेमात दोन दिवस काम केलंय. आधी आईने बघावं म्हणून रूपी अजून गेलेली नाही. अंबूबाई दोनदा जाऊन आली. रूपी कुठेच नाही! आता गावातल्या बाया तिला थापाडी म्हणतात. पोरीने विहिरीवर जायचं सोडलंय.

"भाऊ, कापली का हो माझ्या पोरीला?"

डोकंच फिरलं. कापली! वारली आदिवासीची पोर म्हणून कापली! दिग्दर्शकाला चार पानी पत्र लिहिलं. एकेक वाक्य निखारा.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

पत्र टाकण्याआधी जाब विचारायला जतीनभाईंकडे. त्यांनी आधी चहा मागवला.

"रूपी? ती करवली? अरे साहेब, शेवटच्या लग्नात ती वरपक्षाशी काय भांडते! मी रोज बघतो, रोज हसतो."

कसलं लग्न? घर जळतं ना शेवटी?

"घर जळल्यावर अर्धा तास पिक्चर आहे! पण साडेपाच वाजले की तुमची सगळी पब्लिक उठते. जीप पकडायला."

पत्र खिशातच राहिलं.

मंगळवार, पुन्हा

मी सिनेमा बघितला त्या दिवशी मीही त्याच जीपमध्ये होतो. पुढच्या सीटवर. घरी येऊन म्हटलं होतं — काय शेवट केलाय!

बुधवार, ७ फेब्रुवारी

जीपवाला चिमण बधेना. "सिनेमासाठी शेवटची जीप थांबवू? उद्या क्रिकेटसाठी म्हणाल. लग्न असेल तर थांबतो, मयत असेल तर थांबतो. तेवढंच."

"लग्नच आहे!"

"कोणाचं?"

"पडद्यावर आहे, पण लग्न आहे. करवली आपली रूपी. तिची आई दोन वेळा मांडवातून परत आली, चिमण, तुझ्या हॉर्नमुळे!"

माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. चिमण बराच वेळ आरसा पुसत राहिला. मग म्हणाला, "बरं. एकच दिवस."

गुरुवार, ८ फेब्रुवारी

साडेपाच. घर जळलं. सदू सवयीने उठला, मी शर्ट धरून बसवला. दहाव्या मिनिटाला रूपी आली — कमरेला पदर खोचून! अंबूबाई ताडकन उभी राहिली. "बघा! घरी अशीच भांडते!" शेजारी खरी रूपी तोंड झाकून हसत होती. मागून कोणीतरी ओरडलं, "काकू, बसा, आम्हालाही दिसू दे!" तो चिमण होता. पॅसेंजर बोलवायला आला होता, खुर्चीत रुतला.

बाहेर जतीनभाई पोस्टरखाली शिडी लावून उभे. चिमण त्यांना म्हणाला, "लग्न बघितलं. पण ठरलं कसं, तेच कळलं नाही. उद्या पहिल्यापासून बघणार."

जतीनभाईंनी शिडी आत नेली.

नऊ कारणांचे कागद फाडले. उद्या बाजारात एवढंच बोलणार — चिमणची जीप आता सव्वासहाला सुटते. शेवटपर्यंत बसा!