पुण्यात ऐकलेला धवळा

प्रिय आई,

परवा पुण्यात तुझा आवाज ऐकला. तुला जाऊन चौदा महिने झाले. हे पत्र आठवण काढायला नाही, खुलासा मागायला लिहिते आहे.

मापयंत्रं तपासण्याच्या प्रशिक्षणासाठी मुरबाडच्या कारखान्याने मला तिकडे पाठवलं होतं. सोबतच्या रेश्माने संध्याकाळी ओढत एका बँडच्या कार्यक्रमाला नेलं. चार मुलं, गिटार, व्हायोलिन, बसायला सतरंजी. गाणारा ईशान गाण्यापेक्षा गाण्याआधी जास्त बोलत होता. अशा माणसांवर माझा विश्वास बसत नाही, तुला माहीत आहे.

शेवटच्या गाण्यात त्याने गिटार थांबवली आणि स्पीकरमधून तू गाऊ लागलीस! "मांडवात बसली कोण? प्रणालीबाय गो, प्रणालीबाय. शेजारी तिच्या बसला कोण?" पुढे नाव नाही. नुसता हुंकार.

"अगं, तुझं नाव! फेमस झालीस की!" रेश्मा हसली. मला हसू आलं नाही.

गावातल्या प्रत्येक लग्नात धवळे तूच म्हणायचीस. मांडव नसताना धवळा म्हणू नये, नवरा-नवरीचं नाव घातल्याशिवाय तो पुरा होत नाही, हे तुझेच नियम ना? माझं तर लग्नच ठरलेलं नाही. मग हे आलं कुठून? चोरलं? की कुठल्या यंत्राने तुझ्यासारखा आवाज जुळवला?

कार्यक्रम संपताच ईशानला गाठलं.

"हा आवाज कुणाचा?"

"सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका मावशींचा. ट्रेकला गेलो होतो, त्यांच्या पडवीत पाणी प्यायलो."

"नाव?"

"विचारायचं राहिलं."

"गाणं घ्यायचं बरं राहिलं नाही! परवानगी?"

"त्याच म्हणाल्या, भरून घे."

घेणारे सगळे असंच सांगतात. मी तुझी मुलगी आहे म्हटल्यावर त्याने फोन काढला. मग त्याने मूळ फाइल पाठवली आणि म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात, तर पुन्हा कधीच वाजवणार नाही."

मी आधी फाइलची तारीख पाहिली. तू डोळे तपासायला ठाण्याला गेलीस, त्यानंतरचा दहावा दिवस. डोळे तपासायला अख्खा दिवस लागतो का, असं मी तेव्हाही विचारलं होतं. "रांग होती गो," म्हणालीस. आजाराचं मला तीन महिन्यांनी कळलं.

मग पूर्ण ऐकलं. धवळा संपल्यावर तो विचारतो, "मावशी, मुलीचं लग्न कधी?"

"ठरलं नाय रे आजून."

"मग आत्ताच का?"

"तवा मी नसंन. तिला सांगायला गेलं तं शंभर परश्न इचारील. तू घे भरून."

"आणि नवऱ्याचं नाव?"

"त्याची जागा ठेवलीय. तिला वाटलं तं भरंल, नाय तं ऱ्हाऊं दे तशीच."

म्हणजे तुला माहीत होतं. पाणी प्यायला आलेल्या मुलाला सांगितलंस, मला नाही! का गं? मी प्रश्न विचारते म्हणून?

पण मला सांगायचा तू प्रयत्न केला होतास, हेही मला लिहायला हवं. त्याच आठवड्यात तू म्हणालीस, "बाय, माझं गाणं फोनमदी घे ना." मी लॅपटॉपवरून मान न वळवता म्हटलं, फोनमध्ये जागा नाही. जागा होती, आई.

त्या मुलांवर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. तरी आज ईशानला कळवलं, की आवाज राहू दे. अट एकच: गाण्याआधी तुझं नाव घ्यायचं. भागीबाई, खोपिवलीवाडी. आयुष्यभर तू इतरांची नावं गायलीस, तुझं कुणी घेतलं नाही. शिवाय हुंकाराच्या जागी कुठलंही वाद्य घालायचं नाही, हेही बजावलं आहे.

तुझं गुपित मी माफ केलं असं लिहिणार नाही. अजून केलेलं नाही. पण एक वचन देते. गावात पुढचं लग्न निघेल तेव्हा मी बायकांच्या मागे न बसता पुढे बसेन आणि धवळा मीच उचलेन. सूर लागणार नाही, बायका हसतील. पण नवऱ्याचं, नवरीचं, दोघांच्या आयांचं, एकही नाव मी चुकवणार नाही.

तुझी,
प्रणाली