दुसऱ्याच्या नावाची वाटी

वनरोपवाटिका, अल्मोड्याच्या वर
४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
प्रितमचा सविनय जयभीम. वि. वि.

मी सुखरूप पोचलो, हे कळवायला नऊ दिवस लागले. इथे मोबाईलला रेंज नाही. रेंजसाठी समोरचा डोंगर चढावा लागतो आणि वर गेल्यावर बोलायला दम उरत नाही. दर शुक्रवारी जीप खाली बाजारात जाते, तीच पत्रं नेते-आणते. म्हणून आठवी नापास माणूस लिहायला बसलाय. तुझ्या लेकीच्या, तेजलच्या, हातात लाल पेन देऊ नको.

काम झाडांचं आहे. इथले डोंगर वणव्यात जळलेत, तिथे पावसाळ्यात बांज नावाच्या झाडाची रोपं लावायची. तोवर रोपं सांभाळायची. आमचे मुकादम नंदकिशोरजी साठीचे आहेत, हसत नाहीत, पण जेवलास का म्हणून विचारतात. माझं हे बारावं काम, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तूही कुणाला बोलू नको.

आल्या आल्या एक कामगिरी केली. जंगलातून काढून आणलेली तीनशे रोपं मोठ्या पिशव्यांत बदलायची होती. माती झटकली तर मुळांना ही पांढरी बुरशी! नुसती जाळी. मला आपल्या साकीनाक्याच्या खोलीतली मागची भिंत आठवली. दिवाळीआधी तू मला ब्लीचिंग पावडर आणि काथ्या देऊन तिच्यापुढे उभा करायचीस, आणि बुरशी एकदा शिरली की घर खाते म्हणायचीस. नंदकिशोरजी दोन दिवस गावी गेले आहेत. मी तीनशेच्या तीनशे मुळं पाण्याच्या धारेखाली चोळून धुतली आणि चाळलेल्या नव्या मातीत लावली. एकदम झकास दिसतायत. ते आल्यावर बघतीलच मुंबईचा हात.

शेजारच्या सोनूबाईंना माझा जयभीम ओरडून सांग. शिव्या कमी केल्यास तरी चालेल, लोभ कमी करू नको.

तुझा,
प्रितम


साकीनाका
२१ नोव्हेंबर २०२४

चि. प्रितम यास,
आत्याचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा मी, एकदा तेजलने, आणि एकदा सोनूबाईंना ऐकू जावं म्हणून ओरडून. त्यामुळे तुझी बारा कामं आता अख्ख्या चाळीला माहीत आहेत. मी कुणाला बोललेली नाही, हे लक्षात ठेव.

इकडची बातमी अशी की तीस तारखेला चाळ रिकामी करायची आहे. नवी इमारत उभी राहीपर्यंत तीन वर्षं ट्रान्झिटच्या खोल्यांत राहायचं. चिठ्ठ्या काढल्या. आपली बावीस घरं तीन ठिकाणी गेली, काही मुलुंडला, काही बोरिवलीला, काही देवनारला. आपल्याला मुलुंड आलं. मानसी बोरिवलीला गेली, शर्मिष्ठा देवनारला. चिठ्ठी उघडताना दोघी हसत होत्या, उघडल्यावर नाही.

माझा जीव सोनूबाईंत अडकलाय. एक्याऐंशी वर्षांची बाई, पोटी कुणी नाही. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं सात घरांनी सात वार वाटून घेतले होते. सोमवारी मानसीकडून डबा, बुधवारी शर्मिष्ठाकडून, आणि डबा नेणारी दुपारची तासभर बसायची. झाकण उघडायच्या आधी वासावरून त्या घर ओळखायच्या आणि नावंही ठेवायच्या. आता ती घरं कुठे आणि आपण कुठे? त्यांचा भाचा जयवंत सांताक्रूझहून आला होता. त्याची एक खोली नि पाच माणसं, त्याला तरी काय बोलणार. बदलापूरकडच्या वृद्धाश्रमात जागा बघितली आहे म्हणाला. मी हात जोडले. मार्चअखेरपर्यंत माझ्याजवळ राहू दे, तोवर त्यांचं धड चाललं तर त्या इथेच राहतील, नाही तर तू ने, असं ठरलं. पण मी नऊ ते सहा कारखान्यात कपड्यांचे लोंबते धागे कापणार, तेजल कॉलेजात. दिवसभर त्यांच्यापाशी कोण?

एक काम मात्र मी चोख केलं. तुला माहीतच आहे, आपल्या चाळीत कुणाचं भांडं कुणाकडे असेल त्याचा नेम नव्हता. माझ्या मांडणीवर मानसीच्या सासूच्या नावाचं पातेलं, शर्मिष्ठाकडे तुझ्या बारशाच्या वाट्या. जाताना कुणाचं काही राहू नये म्हणून मी दोन दिवस ओट्यावर बसले, चष्मा लावून कोरलेली नावं वाचली आणि ज्याचं भांडं त्याच्या घरी घासून पोचवलं. एक चमचा इकडचा तिकडे नाही. सगळ्या म्हणाल्या की शकुताईने मान राखला.

थंडीत कानटोपी घाल. आठवण ठेव आणि तेरावं काम शोधू नको.

तुझी,
शकुआत्या


वनरोपवाटिका
१० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

माझी वाट लागली आहे. ती धुतलेली रोपं पिवळी पडली. साठ तर मेलीच, बाकीची माना टाकून आहेत. शेजारच्या वाफ्यातली न धुतलेली रोपं मजेत. मी खत घातलं, पाणी वाढवलं, कमी केलं. शेवटी नंदकिशोरजींनी एक रोप उपटलं, मूळ हातात धरून बराच वेळ बघितलं आणि हे कुणी धुतलं म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं. भिंतीचंही सांगितलं. ते पहिल्यांदा हसले गं, आणि ते हसणं ओरडण्यापेक्षा लागलं.

मग मला जंगलात नेलं. एका जुन्या बांजाखाली गुडघ्यावर बसवून पालापाचोळा सारायला लावला. खाली तीच पांढरी जाळी, या झाडाच्या मुळापासून त्या झाडाच्या मुळापर्यंत. ते म्हणाले, ही भिंतीवरची बुरशी नाही, ही वेगळी. मूळ पोचत नाही तिथलं पाणी हे धागे आणतात, आणि झाड त्यांना पानांत तयार केलेली साखर देतं. एकच जाळी चार झाडांना धरून असते. या वाटेने एक झाड दुसऱ्याला किती पोसतं, यावर शिकलेले लोक अजून भांडतात म्हणे. पण जाळीशिवाय बांजाचं रोप डोंगरावर टिकत नाही, हे ते तीस वर्षं बघतायत.

मी विचारलं, यांच्यात मोठा कोण? ते म्हणाले, कुणी नाही. या जाळीला मुकादम नसतो. एका ठिकाणी कुदळ बसली तर धागा दुसरीकडून वळसा घेतो. खरं तर जंगलातून आणलेली ती रोपं हीच जाळी घेऊन आली होती, मी ती चोळून काढली. स्वच्छ मूळ एकटं पडतं, आत्या.

त्या दिवशी मी बॅग भरली होती, तुला खोटं सांगत नाही. शुक्रवारची जीपही उभी होती. पण दोनशे चाळीस रोपं माझ्याकडे बघत होती. उपाय एकच सांगितलाय, जुन्या झाडाखालची मूठभर माती प्रत्येक पिशवीत. आठ दिवस पाठीवरून माती वाहतोय. जगतील का, ते पावसाळ्यात कळेल. तोवर कुठे जात नाही.

सोनूबाई कशा आहेत? मार्च फार लांब नाही. तुमच्या सगळ्यांच्या मायेवर टिकून असलेला,
प्रितम


मुलुंड
२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रितम यास,
सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

गेले दोन महिने तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. नव्या जागी आल्यापासून एक माणूस फिरकलं नव्हतं. मानसी नाही, शर्मिष्ठा नाही. फोनवर सगळ्या येऊ येऊ म्हणायच्या. सोनूबाई दोन घास खाऊन ताट सारायच्या. रोज तुझ्या एकटीच्याच हातचं खाऊन तोंड मेलं, असं मला तोंडावर म्हणाल्या. गेल्या आठवड्यात तर त्यांनी स्वतःच जयवंतला फोन लावायला सांगितला, मला घेऊन जा म्हणायला. मी लावला नाही. चार्जिंग नाही म्हणून थाप मारली.

तेवढ्यात तुझं पत्र आलं. स्वच्छ मूळ एकटं पडतं, इथवर वाचलं आणि हातातला झारा तसाच राहिला. मुळं मीही धुतली रे! चष्मा लावून, नावं वाचून, घासून. कुणाचं काही कुणाकडे राहिलं नाही, म्हणून कुणाला कुणाकडे यायला कारण राहिलं नाही. येऊ असं सगळ्यांना वाटतं, पण वाटण्यावर बाई घराबाहेर पडत नाही. पातेलं द्यायचंय म्हटलं की पडते.

रविवारी तेजलला घेतलं आणि पोतंभर भांडी घेऊन निघाले. बोरिवलीला मानसीकडे माझा मोठा डबा कोंबडीच्या रश्शासकट ठेवला, आणि तिच्या मांडणीवरचा कुकर न विचारता उचलला. ती म्हणाली शकुताई, मी भात कशात लावू? मी म्हटलं, मुलुंडला येऊन लाव. देवनारला शर्मिष्ठाकडे तुझ्या बारशाच्या वाट्या ठेवल्या, तिचा तवा आणला. तिने आधी शिव्या दिल्या, मग रडली, मग चहा केला.

इथे शेजारी मालनवहिनी म्हणून आहेत, कोकणातल्या, दुसऱ्या चाळीतून आलेल्या. दोन महिने नुसतं मान हलवणं होतं. त्यांच्या दारात तुझ्या नावाचं पातेलं वाटाण्याची उसळ भरून ठेवलं. आपल्या घरचं भांडं दुसऱ्याच्या चुलीपर्यंत जाईल का, हा प्रश्न माझ्या आजीने जन्मभर गिळला होता. मलाही हात पुढे करताना तो आठवला. मालनवहिनींनी झाकण काढलं, वास घेतला आणि खोबरा कमी पडला असा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पातेल्यातून घावणे आले. पातेलं मी परत घेतलंच नाही. आता त्या मला विचारतात, ह्यो प्रितम कोण, लग्नाचो आसा काय.

सोमवारी मानसी कुकरसाठी आली. तिचं पार्लर सोमवारी बंद असतं. दुपारभर सोनूबाईंपाशी बसली आणि जाताना कुकर न्यायला विसरली. खरंच विसरली की नाही, ते मी विचारलं नाही.

तुझी रोपं जगोत. जपून राहा, माया आहेच, ती पत्राने कळव.

तुझी,
शकुआत्या


मुलुंड
१ एप्रिल २०२५

प्रितमदादास,
तेजलचा स. जयभीम. वि. वि.

आईने लिहायचं ते मी लिहितेय, कारण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. घाबरू नको. मार्चच्या दहा तारखेला कारखान्याच्या जिन्यात पाय घसरला. सहा आठवडे हात हलवायचा नाही. पहिल्या दिवशी ती दुखतं म्हणून रडली नाही. आता सोनूबाईंचं कोण करणार आणि मार्चअखेर आलाच, यासाठी रडली.

खरं तर फेब्रुवारीपासून पुन्हा लागलेले सोनूबाईंचे वार आईच्या जोरावर चालतात असं मलाही वाटायचं. ती रोज फोन करून वार लावून द्यायची ना. ती पडली त्या आठवड्यात एकही फोन गेला नाही. तरी मंगळवारी शर्मिष्ठामावशी दारात! तिचा वार बुधवार. विचारलं तर म्हणाली, मंगळवारवालीच्या पोराला ताप आहे, तिने मानसीला कळवलं, मानसीने मला. आईला कुणी काही विचारलंच नाही. वर मालनकाकू आमचाही स्वयंपाक करून जायच्या. आई बिछान्यावरून सूचना देत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. तू लिहिलं होतंस ना, मुकादम नसतो म्हणून. आधी आईला थोडा राग आला, मग जो अभिमान चढलाय तो उतरत नाही. प्लास्टर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तुझ्या बुरशीची गोष्ट ऐकावी लागते. शाळेने नापास केलेला माझा पोरगा, अशी सुरुवात असते.

काल जयवंतकाका ठरल्याप्रमाणे आले. आश्रमाचा कागद खिशात होता. सोनूबाई जेवायला बसल्या होत्या. झाकण उघडायच्या आधीच त्यांनी हे मालनचं, खोबरं सढळ आहे, असं सांगितलं, वर पोळी जाड म्हणून नावं ठेवली आणि दोन पोळ्या खाल्ल्या. काकांनी कागद बाहेर काढलाच नाही. मग म्हणाले, माझा रविवार घालाल का यात? निघताना आईने डाव्या हाताने त्यांच्या हातात मालनकाकूंचा डबा दिला. तो परत आणून द्यायचा आहे, हे त्यांना दारात समजलं.

पार्सलात सोनूबाईंची वाटी पाठवतेय, त्यांच्या लग्नातली, नाव कोरलेलं आहे. आत शेंगदाण्याचे लाडू आहेत. वाटी रिकामी परत आली तर बघून घेईन, असा निरोप आहे.

भांडायला तू नाहीस म्हणून घर शांत आहे, आणि ते बरं नाही. ये.

तुझी,
तेजल


वनरोपवाटिका
२० जुलै २०२५

ती. आत्यास, तेजलला आणि सोनूबाईंना,
सविनय जयभीम. वि. वि.

काल शेवटचं रोप लावलं. धुतलेल्या तीनशेपैकी दोनशे अकरा डोंगरावर उभी आहेत. आधी लावलेल्या दोन रोपांची माती नंदकिशोरजींनी मला बोटाने उकरायला लावली. पांढरे धागे पिशवीतल्या मातीबाहेर येऊन डोंगराच्या मातीत शिरले होते. ते म्हणाले, आता ही आपली नाहीत, डोंगराची झाली. मग पुढच्या हंगामासाठी वाफ्यांवर माझं नाव लिहून घेतलं. मला आजवर कुठल्या मुकादमाने पुन्हा ये म्हटलेलं नाही.

मी त्यांना तुझी सगळी गोष्ट सांगितली. पोतं, कुकर, पातेलं, हात मोडल्यावर आपोआप फिरलेले वार. ते तीस वर्षं हे काम करतात, पण ऐकून उठून उभे राहिले. म्हणाले, मी रोपांना माती देतो, तुझी आत्या माणसांना देते. तिला माझा नमस्कार लिही. लिहिला. हे लिहिताना माझी छाती किती फुगली, ते पत्रात मावत नाही.

एक अडचण झाली आहे. पार्सल आलं त्याच आठवड्यात लाडू मी त्यांच्या घरी त्याच वाटीतून नेले. त्यांच्या बायकोने, काकीने, लाडू काढून घेतले, वाटीवरचं नाव वाचलं, ही सोनूबाई कोण म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वाटी स्वतःच्या फळीवर ठेवली आणि मला दुसरी वाटी दिली, भट्ट नावाच्या इथल्या काळ्या डाळीने भरलेली. तिच्यावर तिचं नाव कोरलेलं आहे.

तेव्हा सोनूबाईंना ओरडून सांग, की तुमची वाटी रिकामी येणार नाही, कारण ती येणारच नाही. ती इथे फळीवर आहे, रोज वापरात आहे. मी येतोय ऑगस्टमध्ये, काकीची वाटी घेऊन. ती मालनवहिनींच्या घरात ठेव, नाही तर बोरिवलीला, तुला वाटेल तिथे. पण घासून मला परत देऊ नको.

लोभ आहे, तो तसाच इकडून तिकडे फिरत राहू दे.

तुमचा,
प्रितम