लाल चांदणीचं गाव

१२ मार्च १९८२, नेपरव्हिल
आज या घरात राज्यशास्त्राचा घोर अपमान झाला. सौ. पद्मजाने अलास्काच्या उत्तर भागाच्या विकास आराखड्यावर साबुदाण्याच्या खिचडीची गरम कढई ठेवली. मुखपृष्ठावर कायमचं वर्तुळ. मी म्हटलं, अगं, सरकारी दस्तऐवज आहे. म्हणाली, मग सरकार सोसेल.

लायब्ररीत सरकारी अहवालांचा विभाग माझ्याकडे. जादा प्रत घरी आणली होती. वाचून थक्क! हजारो एकर बार्ली, रेल्वे, बंदरावर धान्याची कोठारं. नकाशात प्रकल्पाच्या गावावर लाल चांदणी. शिकागोच्या महाराष्ट्र मंडळाच्या त्रैमासिकासाठी लेख सुरू केला. न्यायदर्शनात प्रत्यक्षाप्रमाणे शब्दही प्रमाण मानला आहे. इथे तर छापील शब्द.

५ जून १९८२
लेख गाजला. (तिघांनी वाचला.) त्यांतले एक अनिलराव, माझ्या धाकट्या बहिणीचे, उत्तराचे यजमान. शेतकीचे पदवीधर; इथे लॅबमध्ये बसून लोकांची माती तपासतात. प्रकल्पाला मातीचा जाणकार हवा आहे. विचारत होते, दादा, जाऊ का? म्हटलं, सरकार पाठीशी आहे, बिनधास्त जा. उत्तराने विचारलं, तू स्वतः बघून आलायस का रे? हसलो. हिला प्रत्यक्षाशिवाय प्रमाणच नाही.
संकल्प: पुढच्या उन्हाळ्यात जाऊन येणे.

१९ सप्टेंबर १९८३
उन्हाळ्याचं जाणं कॅन्सल केलं. तिथे डास फार, असं ऐकतो.
अनिलरावांचा फोन. इथलं घर विकून तिथे बांधलं. पीक कमरेएवढं आलं आणि सरकारनेच पाळलेल्या रानगव्यांनी खाल्लं! मी खूप हसलो. ते हसले नाहीत. लाइन खराब असावी.

३० ऑक्टोबर १९८४
नवा आराखडा. रेल्वे गायब. कोठारं ‘योग्य वेळी’. आता भर पर्यटनावर. चांदणीचा काळा ठिपका झाला आहे. नियमाप्रमाणे जुन्या प्रतीवर ‘सुपरसीडेड’चा, म्हणजे रद्द झाल्याचा, शिक्का मारला. माझा लेख तयार: धोरण बदलणं हे जिवंतपणाचं लक्षण. पद्मजा म्हणाली, टूरिस्ट काय माती तपासून घ्यायला येणार आहेत का? क्षुल्लक वादात पडलो नाही.

१३ जानेवारी १९८५
फोनवर भाची दीपा. वय नऊ. विचारलं, शाळेतून आल्यावर बाहेर काय खेळतेस? म्हणाली, इट्स डार्क, मामा.
मग उत्तरा. म्हणे, इथे बोलायला कुणी नाही रे, भिंतींना मराठी शिकवतेय. फर्स्ट क्लास विनोद. लेखात वापरावा.
संकल्प: जूनमध्ये नक्की.

२ मे १९८६
जून गेला, वर्ष गेलं. तेलाचे भाव कोसळले, अलास्काच्या तिजोरीत खडखडाट. तिसरा आराखडा, अगदी पातळ. घोषणा: ‘स्थानिक स्वावलंबन’. म्हणजे तुमचं तुम्ही बघा! शुद्ध विश्वासघात. सहा पानी निषेधपत्र लिहिलं. पाठवलं नाही, टाइपरायटरची रिबन फिकी होती.

९ नोव्हेंबर १९८७
चौथा आराखडा. आता बार्ली न पेरण्याबद्दल अनुदान. प्रकल्प बंद, अनिलरावांची नोकरी गेली. घर विकायला काढलंय. बघायला कोण येतं, विचारलं. म्हणाले, गवे.
नकाशात ठिपकाही उरला नाही. नेमका त्या जागी उत्तर दिशेचा बाण छापला आहे.
मी फोनवर सरकारचा यथास्थित उद्धार केला. पाच वर्षांत तीन वेळा शब्द फिरवला, अशांवर माणसाने भरवसा ठेवावा तरी कसा! अनिलरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, दादा, तो आराखडा मी कधी वाचलाच नाही. तुमचा लेख वाचला होता.

१० नोव्हेंबर
शिक्का मारायचा राहिला.

२९ नोव्हेंबर, रविवार
तीन रविवार झाले. फोन दीपाच उचलते. आई इज बिझी, मामा. काल पद्मजाने विचारलं, जूनची तिकिटं काढू का? आधी उत्तराला विचारायला हवं, म्हटलं.
सरकारने मला फसवलं, अशा थाटात या वहीत लिहिलं आहे. मी नेपरव्हिलमध्येच होतो. गेली ती उत्तरा, माझ्या शब्दावर.
ती पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही, याची मला भीती वाटते.