लटकलेला कॉल

३ नोव्हेंबर, सोमवार
आले एकदाची जळगावला! धुळ्याहून अडीच तास उभ्याने, खिडकीवरून एका बाईशी भांडण झालं, आणि तरी मजेत आहे. पिंप्राळ्यात बेबाबाईंकडे खोली मिळालीय. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. तीन भाकरी हाणल्या तशा म्हणाल्या, काय पोर शे! म्हणजे पसंत पडले.

नेमीचंद शेठची कंपनी इंटरनेटवरून चालणारे फोन देते, दवाखान्यांना, व्यापाऱ्यांना. हार्डवेअरच्या दुकानावरती ऑफिस. कॉलच्या नोंदी चोख ठेवायच्या, हे माझं काम. कर्मचाऱ्यांच्या घरी एक जोडणी फुकट, म्हणून आजच धुळ्याला आईकडे फोन बसवायला सांगितला. आता रोज काय शिजवलं ते ऐकावं लागणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार
काम कळलं. प्रत्येक कॉलच्या दोन नोंदी होतात, सुरू झाला आणि संपला. ऑफिसात मशीन दोन, दोन्ही सगळं एकदम लिहितात, एक पडलं तरी दुसऱ्याकडे सगळं शाबूत. लाईन मध्येच तुटली की संपल्याची नोंद हरवते आणि तो कॉल लटकतो. मग इथली रीत अशी की क्लार्कने आपल्या मनाने वेळ टाकायची आणि कॉल बंद करायचा. माझ्या आधीचे लीलाधरभाऊ तसंच करायचे. दिवाळीत काम सोडून गेले, निरोपसुद्धा न घेता.

शेठचा मुलगा पारस म्हणाला, बरी वाटेल ती वेळ टाका. मी तोंडावर सांगितलं की अंदाजाला नोंद म्हणत नाहीत. तो हसला. तुम्ही नाही टाकली तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारला मशीन स्वतःच टाकतं म्हणे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
अमळनेरचे जीवराम आबा, कापसाचे व्यापारी. त्यांचा एक कॉल पाच दिवस चालू आहे. पलीकडचा नंबर कोरा. मोबाईलवर विचारलं तर म्हणाले, फोन जागेवरच आहे, पण उचलला की कोणीतरी श्वास घेतं. लाईन अडकलीय म्हणून त्यांनी तक्रार केली, पारस डोक्यावर बसला, आणि मी नमले. साडेदहा वाजले होते. चालू कॉलला लीलाधरभाऊ जरा पुढची वेळ टाकायचे, तशीच मी सव्वाअकरा टाकली.

लाईन मोकळी झाली. माझाच मला राग आलाय. नमायला नको होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
जीवराम आबा गेले. काल, सव्वाअकराला, गादीवर बसल्या बसल्या. त्यांच्या मुनीमजींनी सांगितलं.
योगायोग. असतात असले योगायोग.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
लीलाधरभाऊंनी हाताने बंद केलेले यंदाचे कॉल काढले. सात. पत्ता तपासायचाय असं खोटं सांगून सातही घरी फोन केले. सातही घरी कोणी ना कोणी गेलेलं, फोटोला हार. गेल्याची वेळ विचारली. कोणी अंदाजे सांगितली, कोणी मिनिटासकट. सगळ्या नोंदींतल्या वेळांशी जुळल्या.

लीलाधरभाऊंना फोनवर गाठलं. एकही बंद करू नको म्हणाले. सहा गेले तरी त्यांना कळलं नव्हतं, आणि सातवा त्यांचा सख्खा भाऊ होता. एवढं बोलून फोन ठेवला.

भीती? वाटली की. पण राग जास्त आला. आठवं माणूस माझ्या हातून गेलंय. पारसला सगळं सांगितलं तर तो म्हणाला, ताई, चार दिवस रजा घ्या. घेत नाही जा!

२४ नोव्हेंबर, सोमवार
नवा कॉल लटकलाय. धुळे. सकाळी ९:१२ ला सुरू.
नंबर आईचा.
मोबाईलवर बोलले. ठणठणीत आहे. नव्या फोनवर कोणी बोलतच नाही म्हणून कुरकुरत होती. वायर उपटून टाक म्हटलं. तिने उपटली.
कॉल चालूच.

२६ नोव्हेंबर, बुधवार
संपल्याची वेळ म्हणून सन २०९९ टाकलं. मशीन घेत नाही, याच महिन्यातली हवी. नोंद पुसली, तर दुसऱ्या मशीनने परत आणून ठेवली. दोन्हींची बटणं बंद केली. पारस धावत आला, बोंबलला, सुरू केली. मधली दहा मिनिटंसुद्धा लिहिलेली होती!
काही म्हणता काही हरवत नाही. मेली ही भरवशाची मशीन.
आईला सांगितलं नाही. सांगून काय करू?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
परवा चारला मशीन बंद करणार. तिला. माझ्या आईला.
नाही. होऊ देणार नाही.
दवाखान्यात बाहेरच्या टेबलावरची बाई आलेला कॉल डॉक्टरांच्या फोनवर वळवते तेव्हा नोंद तीच राहते, फक्त नंबर बदलतो. पहिला नंबर सुटतो.
हे चालेल. चालायलाच हवं.

३० नोव्हेंबर, रविवार
ऑफिसात मी एकटी. बाहेर ऊन, खाली दुकानाचं शटर बंद.
३:४० ला कॉल माझ्या टेबलावरच्या फोनवर वळवला. नोंदीत आता माझा नंबर. आईचा निघाला! तीनदा तपासलं. दोन्ही मशीनवर निघाला.
मोबाईलवर तिला विचारलं, काय चाललंय. वांगी भाजतेय म्हणाली. आवाज का असा येतोय, जेवलीस का. जेवले म्हटलं. रडले नाही. नंतर रडले.

रिसीव्हर उचललाय. डाव्या कानाला. उजव्या हाताने लिहितेय.
श्वास. एकाचा नाही. पुष्कळांचा.
त्यात जीवराम आबा— ओळखला आवाज. बठ्ठा आठेच शेतस माय, म्हणतात. सगळे इथेच आहेत म्हणे.
मी माफी मागितली. आबा, चुकले. वेळ टाकायला नको होती.
आणि त्यांच्या मागे आहेस तू, जो कोण आहेस तो, तुला सांगते— आई मिळणार नाही. लिहून ठेव. दोन्हीकडे लिही.

चार वाजून एक! भिंतीवर चार वाजून एक, आणि मी बसलेय, हात चालतोय! हरलास! हरलास की नाही, बोल—

थांब. भिंतीवरचं पुढे आहे. मशीनमध्ये अजून ३:५९—
बरं. ये.
रिसीव्हर मी ठेवणार नाही. तुला यायचं तर माझ्याशी बोलून— माझं नाव दीपमाला, रत्नाची मुलगी, आणि मी तुला एकही मि